अष्टक मोडते ते नेमके कुठे?

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात राहणारी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी विचारते: "काका, अष्टकाचा नियम म्हणतो की संयुगात अणूभोवती बाहेरचे ८ इलेक्ट्रॉन पुरे होतात. पण अकरावीत शिकवलं की बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ इलेक्ट्रॉन, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये १०, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये १२. जास्तीचे इलेक्ट्रॉन डी-ऑर्बिटलमध्ये, म्हणजे अणूतल्या डी नावाच्या जागांत, जातात; संकरण, म्हणजे ऑर्बिटलांची मिसळ, एसपी-थ्री-डी. आता कॉलेजात मॅडम म्हणतात, डी-ऑर्बिटलचा त्यात फारसा हातच नाही. मग ते १० इलेक्ट्रॉन बसतात कुठे? आणि एवढे अपवाद असतील तर नियम शिकायचाच कशाला?"

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. तू नावं घेतलीस त्यातली बरीच मंडळी ड्रमात, बाटलीत आणि रिॲक्टरात रोज भेटायची, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. आणि मराठीतच लिहितो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं तेव्हा तांत्रिक शिक्षण आपल्या भाषेत द्यावं हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्या गावात अष्टकाची गोष्ट मराठीत सांगायला काहीच हरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, तू ज्यांना सरसकट अपवाद म्हणतेस ते एका जातीचे नाहीत. काही ठिकाणी अष्टक खरोखर अपुरं राहतं. काही ठिकाणी एकूण इलेक्ट्रॉनच विषम असतात, तिथे ते पुरं होणं शक्यच नाही. आणि तुला जिथे सगळ्यात मोठी मोडतोड दिसते, त्या १० आणि १२ मध्ये, अष्टक बहुतेक मोडतच नाही. तिथे चूक अणूची नाही, आपल्या मोजणीची आहे.

मोजणी कशी करतो ते आधी बघ. दोन भावांच्या शेतात बांधावर एक सामाईक विहीर आहे. थोरल्याला विचारलं, तुझ्याकडे विहिरी किती, तर तो म्हणेल एक. धाकटाही म्हणेल एक. गावातल्या विहिरी मोजायला निघालीस तर हा हिशेब चुकेल, पण प्रत्येकाचं शेत भिजतं का एवढंच बघायचं असेल तर तो अगदी बरोबर आहे. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक असते ही कल्पना मांडली ती अशीच: जोडी एक, पण दोन्ही अणूंच्या खात्यात पुरी धरायची. 'ऑक्टेट' हा शब्द पुढे १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी रूढ केला. लुईस यांना फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि सल्फर हेक्साफ्लोराइड चांगली ठाऊक होती, आणि आठाच्या आकड्यावर ते हटून बसले नव्हते. १९२३च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोनाचा नियम, म्हणजे इलेक्ट्रॉन जोडीने राहतात हा, आठाच्या नियमापेक्षाही मूलभूत मानला. अकरावीत हे वाक्य सांगायला हवं असं मला फार वाटतं. आठ आला कुठून? एक एस आणि तीन पी, अशी चार ऑर्बिटल, प्रत्येकात एक जोडी. हायड्रोजनकडे एकच एस, म्हणून त्याचा आकडा दोन. लोखंड-निकेलसारख्या धातूंकडे डी-ऑर्बिटल खरोखर कामाची असतात, म्हणून त्यांच्या बऱ्याच संयुगांत १८ चा आकडा चालतो. आकडा बदलतो, त्यामागचं कारण तेच राहतं.

आता अपुऱ्या अष्टकाकडे. ते मला आकृतीतून नाही, वासावरून कळलं.

जुलै महिना होता, विश्वामित्री दुथडी भरून वाहत होती, हवेत इतका दमटपणा की कागदही मऊ पडायचे. रात्रपाळीत कोणीतरी निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडच्या ड्रमातून माल काढला आणि झाकण नीट न आवळता तसंच ठेवलं. सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने घाईघाईने ते घट्ट आवळलं. दुपारी मी पोचलो तेव्हा ड्रमाचा वरचा पत्रा घुमटासारखा फुगला होता. मास्क चढवला, वाऱ्याकडे पाठ केली आणि बोल्ट अर्धा-अर्धा आटा करत सैल केला. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग पांढरा धूर, जमिनीलगत लोळत जाणारा. मास्कच्या कडेतून आत शिरला तेवढ्यानेही घसा आवळला. वरचा थर, जो कालपर्यंत भुरभुरीत पिवळसर पूड होता, त्याची कडक खपली झाली होती.

झालं एवढंच होतं: ॲल्युमिनियमकडे तीन इलेक्ट्रॉन, तीन क्लोरीनशी तीन जोड्या, म्हणजे सहा. चौथी जागा रिकामी. हवेतल्या पाण्याच्या ऑक्सिजनकडे लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी, मोकळी, ती थेट त्या जागेत शिरते, आणि मग एकेक क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो. पत्रा फुगवणारा वायू तो. रिकामी जागा म्हणजे काय हे त्या दिवशी मला समजलं. अपुरं अष्टक ही कागदावरची उणीव नाही, ती भूक आहे. बेंझीनच्या कड्याला कार्बनचा गट जोडणाऱ्या फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत आपण याच भुकेचा उपयोग करतो.

भूक असली की अणू ती भागवायची वाट शोधतोच. ॲल्युमिनियम क्लोराइडची वाफ जरा तापवलेली असेल तर तिथे दोन रेणू एकमेकांना बिलगतात. एकाच्या क्लोरीनची लोन पेअर दुसऱ्याच्या ॲल्युमिनियमला मिळते, दोन क्लोरीन पुलासारखे मधे बसतात आणि दोन्ही ॲल्युमिनियमची अष्टकं पुरी होतात. बोरॉन ट्रायफ्लोराइड असं करत नाही. त्यातले तिन्ही फ्लोरीन आपापली लोन पेअर थोडी थोडी बोरॉनच्या रिकाम्या पी-ऑर्बिटलमध्ये झुकवतात. पुरावा लांबीत आहे: बोरॉन ट्रायफ्लोराइडमधला बंध सुमारे १.३१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), आणि तोच बोरॉन चौथा फ्लोराइड घेऊन टेट्राफ्लोरोबोरेट झाला की सुमारे १.४०. चौथा आला, जागा भरली, मग झुकायचं कारण उरलं नाही आणि बंध लांबला. म्हणून 'बोरॉनभोवती ६' हे पुस्तकातलं विधान खरं असलं तरी थोडं भडक आहे. याच कारणाने एक उलटी वाटणारी गोष्टही घडते. फ्लोरीन सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन ओढणारा, तेव्हा बोरॉन ट्रायफ्लोराइड सर्वांत भुकेलं असायला हवं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्या बहुतेक रेणूंशी वागताना क्लोराइड त्याच्याहून भुकेलं आणि ब्रोमाइड त्याहून. लोन पेअर झुकवणं हे त्याचं एक कारण, एकमेव नव्हे. सपाट रेणूला वाकून चौथ्यासाठी जागा करायला किती ऊर्जा लागते यावरही ते अवलंबून आहे.

विषम इलेक्ट्रॉनांचं थोडक्यात सांगतो, पण त्यात एक गोष्ट आहे जी तुला कोणी सांगितली नसेल. नायट्रिक ऑक्साइडमध्ये ११ संयुजा (बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन, नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १७. दोन्हींत एक एकटा. डायऑक्साइडची काचेची बंद नळी बर्फाच्या पाण्यात धर, तपकिरी रंग डोळ्यांदेखत फिका पडतो. दोन रेणू एकटे इलेक्ट्रॉन जोडून टेट्रॉक्साइड बनवतात आणि ते रंगहीन असतं. बाहेर काढून हातात धरली की रंग परत. मग नायट्रिक ऑक्साइड साध्या तापमानाला असं का करत नाही? बंध मोज. एका रेणूत अडीच बंध, दोघांचे मिळून पाच. ते जोडले तर दोन दुहेरी आणि मधला एक, पुन्हा पाचच. जोडण्यात फायदाच नाही! द्रवात आणि घनात गेल्यावर कशाबशा जोड्या जमतात, त्याही कमकुवत. नियम मोडतो म्हणून रेणू अस्थिर, असं समीकरण मुलं मनात धरतात ते इथे गळून पडतं. हाच नायट्रिक ऑक्साइड आपल्या रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप देतो, आणि त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.

उलट्या दिशेचंही एक उदाहरण लक्षात ठेव. ऑक्सिजनच्या रेणूत दोन्ही अणूंचं अष्टक पुरं, आकृती निर्दोष, तरी द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन एकेकटे आहेत. अपवादांच्या यादीत ऑक्सिजन कधीच नसतो. माझ्या मते तो पहिला असायला हवा.

आता तुझा मुख्य प्रश्न: १० इलेक्ट्रॉन बसतात कुठे?

आधी डी-ऑर्बिटलचं. फॉस्फरस आणि गंधक यांची थ्री-डी ऑर्बिटलं ऊर्जेने फार वर आहेत आणि पसरटही फार. ती बंधासाठी उघडायची तर जेवढा खर्च येतो तेवढा वसूल होत नाही. रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांच्या काळात, १९३०च्या दशकात, संकरणाची कल्पना आकार समजवायला इतकी सुरेख होती की डीसुद्धा त्यात सामावून घेतला गेला. संगणकावर नीट गणितं करता यायला लागली तेव्हा १९९०च्या सुमारास मॅग्नुसन यांनी, तसेच रीड आणि श्लायर यांनी दाखवलं की डी-फलनं, म्हणजे डी-ऑर्बिटलांची गणिती रूपं, हिशेबात घेतल्याने उत्तर सुधारतं खरं, पण ती इतर ऑर्बिटलांना जरा वाकवायचं काम करतात. इलेक्ट्रॉन ठेवायची खोली म्हणून त्यांचा उपयोग होत नाही. तुझ्या मॅडम बरोबर सांगतात.

मग खोली कोणती? कागद घे आणि तीन अणू एका रेषेत काढ: क्लोरीन, फॉस्फरस, क्लोरीन. पेंटाक्लोराइडमध्ये तीन क्लोरीन मधल्या पट्ट्यात आणि एक वर, एक खाली असतात, त्यातली ही वर-खालची रेषा. प्रत्येक अणूचं एक ऑर्बिटल या रेषेत आहे, मधल्या फॉस्फरसचं पी. तीन ऑर्बिटलं मिसळली की तीन नवी मिळतात, एकावर एक तीन पायऱ्यांसारखी. खालच्या पायरीवर तिन्ही अणू एकमेकांशी जुळलेले, ती बाँडिंग. वरच्या पायरीवर भांडण, ती अँटी-बाँडिंग. मधली पायरी विलक्षण आहे. तिच्यात मधल्या अणूचा सहभाग शून्य. ती फक्त दोन टोकांच्या क्लोरीनवर आहे, फॉस्फरसपाशी तिचं मूल्यच नाही. तिला नॉन-बाँडिंग म्हणतात.

या रेषेत इलेक्ट्रॉन चार. दोन खालच्या पायरीवर, दोन मधल्या. आता फॉस्फरसच्या खात्यात लिही. खालची जोडी, होय. मधली जोडी, नाही, ती त्याच्या शेतात येतच नाही. आपण मात्र वर-खाली दोन रेघा (एक रेघ म्हणजे एक जोडी) काढून दोन्ही विहिरी त्याच्या नावावर चढवल्या होत्या. पट्ट्यातल्या तीन क्लोरीनच्या तीन जोड्या म्हणजे सहा, अधिक रेषेतली एक जोडी. एकूण आठ. अष्टक जागच्या जागी आहे.

ही नुसती शब्दांची कसरत असती तर मी तुला सांगितली नसती. ती खरी असेल तर रेषेतल्या दोन बंधांना मिळून एकच जोडी आहे, म्हणजे प्रत्येक बंध अर्धा, म्हणजे तो लांब असायला हवा. मोजमाप बघ: पट्ट्यातले बंध २.०२ अँगस्ट्रॉम, वर-खालचे २.१४. तापवलं की क्लोरीन सुटून ट्रायक्लोराइड उरतं, आणि फ्लास्कमध्ये हिरवट छटा चढते. एसपी-थ्री-डी शिकवताना 'वरच्या-खालच्या बंधांना जास्त धक्का बसतो म्हणून ते लांब' असं सांगतात. तेही खोटं नाही, पण अर्ध्या बंधाचं कारण मला जास्त पटतं.

बाटलीतल्या पेंटाक्लोराइडची तर आणखी एक गंमत आहे, आणि ती मला नोकरी लागून बऱ्याच वर्षांनी कळली. ते पांढरट-पिवळसर धुमसणारे खडे तू बघितले असशील. त्या खड्यांत पाच बंधांचा एकही फॉस्फरस नाही. अर्धे चार क्लोरीनचे धन आयन, अर्धे सहा क्लोरीनचे ऋण आयन. आपण वर्गात ज्या रेणूचा पाच हातांचा आकार काढत बसतो तो वाफेत असतो.

गंधकाचंही तसंच. सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये सहा बंध, सहाही सारखे, १.५६ अँगस्ट्रॉम. पण गंधकाकडे एक एस आणि तीन पी मिळून चारच ऑर्बिटलं, त्यामुळे चारच बाँडिंग जोड्या. उरलेल्या दोन जोड्या फ्लोरीनांवर पसरलेल्या. पुन्हा आठ. आणि फ्लोरीन इलेक्ट्रॉन इतके ओढतो की प्रत्यक्षात गंधकाजवळ त्याहूनही कमी इलेक्ट्रॉन असतात. १२ हा आकडा फक्त रेघा मोजून आला.

यातून आणखी एक कोडं सुटतं. मधली पायरी टोकांच्या अणूंवर आहे, तेव्हा ती जोडी सांभाळायला टोकाला इलेक्ट्रॉन ओढणारे अणू हवेत. म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइड सिलिंडरात भरून विकतात, पण सहा हायड्रोजनचं गंधक कोणाच्या बाटलीत नाही. डी-ऑर्बिटलचीच गोष्ट असती तर हायड्रोजनला काय अडचण होती?

'नायट्रोजनकडे टू-डी नसतं म्हणून त्याचं पेंटाक्लोराइड होत नाही' हे वाक्य तू पाठ केलं असशीलच. खरं कारण त्याहून साधं आहे: नायट्रोजन लहान, त्याच्याभोवती पाच क्लोरीन मावत नाहीत. चार फ्लोरीनचा धन आयन तो बनवतो, तेवढे मावतात. जागेचा हा मुद्दा सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये आणखी उघड दिसतो. वडोदऱ्याच्या आसपास स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मरचे कारखाने पुष्कळ, तिथे विचार. मोठ्या विद्युतदाबाच्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला हा वायू भरतात कारण तो कशालाच दाद देत नाही. ऊर्जेचा हिशेब केला तर पाण्याने तो फुटायला हवा. पण सहा फ्लोरीनांनी गंधक असा वेढलेला आहे की पाण्याला आत वाटच नाही. टेल्युरियम मोठा, त्याच्या हेक्साफ्लोराइडमध्ये फटी आहेत, ते पाण्यात हळूहळू फुटतं. गंधकाच्याच टेट्राफ्लोराइडला एक बाजू उघडी, ते तर दमट हवेतच फुटतं. हेक्साफ्लोराइड इतका टिकाऊ असण्याची किंमतही मोठी आहे: शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट धरतात. म्हणून ब्रेकर रिकामा करताना तो हवेत सोडू नये, परत भरून घ्यावा.

तीन पायऱ्यांचं चित्र तुझ्याकडे आहेच, तर त्यात चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन ठेवून बघ. फक्त खालची पायरी भरते, एक जोडी तीन अणूंना धरून ठेवते. हा डायबोरेन, दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजनचा. त्याच्यात १२ संयुजा इलेक्ट्रॉन, साध्या रेघांनी काढायला १४ लागतात, म्हणून कित्येक वर्षं त्याची रचनाच कोणाला पटत नव्हती. १९४३ मध्ये ख्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स यांनी बेल यांच्याबरोबर पूल बनलेल्या हायड्रोजनची रचना पटवून दिली, तेव्हा ते स्वतः पदवीचे विद्यार्थी होते, तुझ्याएवढेच. पुस्तकात डायबोरेन 'तुटवडा' या धड्यात आणि झेनॉन डायफ्लोराइड (फ्लोरीन, झेनॉन, फ्लोरीन एका रेषेत) 'विस्तार' या धड्यात, दोघांत पन्नास पानं. जिना मात्र एकच. एकात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात चार.

अकरावीत खोटं शिकवलं का, असंही तुझ्या मनात आलं असेल. माझं उत्तर: आकार बरोबर शिकवले, कारण कच्चं दिलं. परीक्षेत पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसभोवती १० आणि हेक्साफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती १२ विचारले तर तेच लिही. तपासनीस रेघा मोजायला सांगतोय आणि रेघा तेवढ्याच आहेत. सल्फ्युरिक आम्लात गंधकाला सहा रेघा काढायच्या की चार रेघा आणि वर धन-ऋण भार लिहायचे, यावर वर्गात कोणाशी भांडू नकोस. तिथला ऑक्सिजनचा आखूड बंध भारांच्या ओढीनेही समजतो. पण कोणी 'डी-ऑर्बिटलमध्ये गेले' असं लिहायला लावलं तर मॅडमना एकदा विचारून घे, कारण तिथे माहितीच चुकते.

हा सगळा मामला तुला डोळ्यांनी बघायचा असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट कर. परीक्षानळीत पाणी घे, आयोडीनचा बारीक खडा टाक, हलव. पाणी जेमतेम पिवळसर होईल, खडा तळाशी तसाच. आता चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाक आणि परत हलव. खडा विरघळतो, नळी गडद तपकिरी होते. तो ट्रायआयोडाइड, तीन आयोडीन एका रेषेत. रेघा मोजल्या तर मधल्याभोवती १० इलेक्ट्रॉन. १९५१ साली पिमेंटेल यांनी, आणि त्याच सुमारास रंडल यांनी, तीन पायऱ्यांचा हा विचार अशाच त्रि-हॅलाइड आयनांसाठी मांडला होता, झेनॉनचं पहिलं संयुग हाती यायच्या अकरा वर्षं आधी. आयोडीनच्या सुट्या रेणूत दोन अणूंमधलं अंतर २.६७ अँगस्ट्रॉम आहे, ट्रायआयोडाइडमध्ये साधारण २.९. बंध इतका का लांबला ते पायऱ्या काढून, चार इलेक्ट्रॉन भरून मला लिहून पाठव. मधल्या आयोडीनच्या खात्यात किती येतात तेही.